कोराडी-पेनटाकळीचं पाणी कोण तपासतंय?

मेहकरकरांनो, २०२०च्या जूनमध्ये शेजारच्या लोणारचं सरोवर गुलाबी झालं, तेव्हा केवढी धावपळ झाली! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून कारण सांगितलं: पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले. चांगलं झालं. पण लोणारचं पाणी कुणी पीत नाही. आपली भिस्त कोराडी आणि पेनटाकळी या धरणांवर आणि पैनगंगेकाठच्या विहिरींवर. त्या पाण्याचा तपासणी अहवाल तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?

पेरणी आटोपली. सोयाबीनला डीएपी पडलं. आता तणनाशकाचे पंप पाठीवर चढतील. जोराचा पाऊस झाला की खत, उकिरडा, सांडपाणी सगळं नाल्यांतून धरणाकडे निघतं. खतातल्या स्फुरदाने शेवाळ माजतं. ते कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरून वर येतात. हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. त्याच खत-सांडपाण्यातून येणारं नायट्रेट मात्र दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. तुरटी फिरवा, गाळ खाली बसेल, नायट्रेट तसंच राहील. पाणी उकळा, जंतू मरतील. पण पाणी आटेल तसं नायट्रेटचं प्रमाण उलट वाढेल. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याहून फार जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात वरचं दूध कालवून तान्ह्या बाळाला पाजलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. ओठ निळसर पडतात. घरात पाळणा हलत असेल तर हे दोनदा वाचा.

आणि उठा. गावच्या जलसुरक्षकाला आजच गाठा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं आहे. ताई, तुम्ही त्यांतल्या असाल तर पुढे या. नसाल तर त्या कोण, ते विचारा. तपासणी संच कपाटात पडून असेल तर उघडायला लावा. आधी त्यातल्या औषधांची मुदत बघा, मुदत संपलेल्या थेंबांनी कसला भरवसा यायचा? नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाका. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. नाही आला तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडलेलं नसेल किंवा ते उघड्या पोत्यात राहून निकामी झालं असेल. जैविक तपासणीच्या बाटलीत पाणी भरून ती उबेला ठेवा. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर ते पिऊ नका, कुणाला पिऊ देऊ नका.

नियमाने रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, जैविक दोनदा. माझ्या मते एवढ्याने भागत नाही. उन्हाळ्यात तळाला गेलेलं पाणी वेगळं, पहिल्या पुराचं वेगळं. दोन्ही वेळा तपासा. रासायनिक तपासणीचा कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, मग भरा, त्यावर ठिकाण आणि तारीख लिहा, आणि वेळ न दवडता प्रयोगशाळेत पोहोचेल असं बघा. आकडे वहीत उतरवा. यंदाच्या आकड्याला पुढच्या वर्षीची जोड मिळाली तरच पाणी बिघडतंय की सुधारतंय ते कळेल.

शहरात राहत असाल तर नगर परिषदेकडे अहवालाची प्रत मागा. गावात असाल तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जा, शेजारणीलाही घेऊन जा, आणि उभं राहून विचारा: नमुना कधी घेतला, कुठून घेतला, नायट्रेट किती निघालं?