कादंबरी म्हणजे पंचांग नव्हे

तंत्रज्ञानाच्या दुष्परिणामांचं भेसूर चित्र रंगवणाऱ्या कथा-कादंबऱ्या, ज्यांना हल्ली सरसकट डिस्टोपियन म्हणतात, त्या म्हणजे साहित्यिकांनी उभा केलेला बागुलबुवा आहे, असा निकाल एका विद्वान गृहस्थांनी नुकताच एका व्याख्यानात देऊन टाकला. श्रोत्यांनी माना डोलावल्या. म्हणजे डोलावल्या असाव्यात; व्याख्यान ऑनलाइन होतं आणि बहुतेकांचे कॅमेरे बंद होते.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. १९८४ साल आलं आणि गेलं, कुणाच्या भिंतीवर टेलिस्क्रीन लागला नाही. यंत्रमानवांनी कुणाचा गळा दाबला नाही. सबब भाकितं चुकली. लिहिणाऱ्यांना यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. असलं वाचून पोरं विज्ञानाला बिचकतात. शिवाय हे सगळं पोट भरलेल्या पाश्चात्त्यांचं दुखणं. आपल्याकडे आधी यंत्रं तर येऊ द्या. आणि शेवटी ती सुप्रसिद्ध सुरी: सर्जनच्या हातात जीव वाचवते, खुन्याच्या हातात जीव घेते, सुरीचा काय दोष?

सुरीपासूनच सुरुवात करू. शाळेत ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध ज्याने लिहिला नाही असा मराठी माणूस विरळा. ‘सारे वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असं शेवटी लिहिलं की मार्क पक्के. पण कुणी कधी काय चिरलं याची नोंद सुरी ठेवत नाही, ती नोंद तिसऱ्याच्या गळ्यात मारत नाही, आणि तुमचा चेहरा ओळखू आला नाही म्हणून कांदा चिरायला नकारही देत नाही. दहावीचा निबंध दहावीतच सोडून यायचा असतो.

लेखकांना यंत्रातलं कळत नाही म्हणे. ‘वुई’ ही या जातीच्या कादंबऱ्यांतली एक आद्य कादंबरी. ती लिहिणारा येवगेनी झाम्यातिन जहाजबांधणीचा इंजिनिअर होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो इंग्लंडमध्ये रशियासाठी बर्फफोडी जहाजं बांधून घेत होता. ‘प्लेअर पियानो’ (१९५२) लिहिणारा कर्ट व्हॉनेगट जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्धी विभागात नोकरी करून आला होता. आमच्या व्याख्यात्यांनी किती जहाजं बांधली, हे विचारायचं राहून गेलं. पोरं बिचकतात म्हणाल, तर आमच्या पिढीने या कथा वाचल्या आणि मग रांगा लावून इंजिनिअरिंगलाच प्रवेश घेतला.

आता भाकितं. हा मुद्दा मी सहजासहजी सोडणार नाही, कारण दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी तो नवा म्हणून मांडतं. जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ जून १९४९मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या पानापानाला युद्धानंतरच्या लंडनचा वास आहे: उकडलेल्या कोबीचा, बंद पडलेल्या लिफ्टचा, रेशनच्या रांगेचा. चॉकलेटचं रेशन तीस ग्रॅमवरून वीसवर येतं आणि दुसऱ्या दिवशी ते वीसपर्यंत ‘वाढवल्याबद्दल’ लोक आभार मानतात. ऑर्वेलने ब्रह्मदेशात पाच वर्षं साम्राज्याची पोलिसी नोकरी केली होती आणि दुसऱ्या महायुद्धात बीबीसीवरून हिंदुस्थानसाठी प्रसारणं केली होती. पाळत कशी ठेवतात आणि बातमी कशी घडवतात, हे त्याने आतून पाहिलं होतं. १९८४ हा आकडा त्याने वर्तवला नाही, आपलंच वर्तमान जरा लांब उभं करून दाखवलं. त्याला ज्योतिषी ठरवायचं आणि मग ज्योतिष खोटं निघालं म्हणून हसायचं, हा डाव फार सोपा आहे.

बरं, इशारा खरा ठरला नाही म्हणजे तो वाया गेला, हे कुठलं तर्कशास्त्र? १९९९च्या महाचक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३मध्ये फायलिन आलं तेव्हा लाखो लोकांना आधीच किनाऱ्यावरून हलवलं होतं आणि मृतांचा आकडा शंभराच्याही आत राहिला. तेव्हा वेधशाळेने उगाच घाबरवलं, असं कुणी म्हटलं का? ऐंशीच्या दशकात बँकांमध्ये संगणक येऊ लागले तेव्हा विरोध करणाऱ्या कर्मचाऱ्यांची आजही टवाळी होते. त्या विरोधामुळे वाटाघाटी झाल्या, करार झाले आणि मग संगणक आले, हे टवाळांना सोयीस्करपणे आठवत नाही. तो वाद आम्ही चहाच्या टेबलावर इतकी वर्षं घातला आहे की इथे आवरतो.

शिवाय भाकितंच मोजायची हौस असेल तर ई. एम. फॉर्स्टरची ‘द मशीन स्टॉप्स’ ही १९०९ची कथा घ्या. माणसं जमिनीखाली मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी खोल्यांत एकेकटी राहतात. बटण दाबलं की जेवण, बटण दाबलं की संगीत. वाश्ती नावाची बाई आपल्या खुर्चीत बसून व्याख्यान देते आणि श्रोते आपापल्या खुर्च्यांत बसून ते ऐकतात. परवाच्या कार्यक्रमाशी असलेलं साम्य मी पुरावा म्हणून वापरणार नाही. मोह मात्र होतोय. या कथेत भीतिदायक जागा वेगळीच आहे. यंत्र बिघडू लागतं, संगीतात खरखर येते. लोक तक्रार करतात, आणि थोड्याच दिवसांत खरखरीसकट संगीत त्यांना गोड वाटू लागतं. पुढे दुरुस्ती करणारी यंत्रणाच नादुरुस्त आहे, असं जाहीर होतं, तेव्हाही कुणी खोलीबाहेर पडत नाही.

हे पाश्चात्त्यांचं दुखणं, असं म्हणणाऱ्यांनी जरा हुगळीकडे पाहावं. १८५८मध्ये विल्यम हर्शेल या गोऱ्या अधिकाऱ्याने तिथे रस्त्याच्या खडीच्या कंत्राटावर बंगाली ठेकेदाराच्या पंजाचा ठसा घेतला. बोटांच्या ठशांचा जगातला पहिला ब्यूरो १८९७मध्ये कलकत्त्यात उघडला. माणूस ओळखायचं हे तंत्र आधी आपल्यावर आजमावलं गेलं आणि मग विलायतेला गेलं. आधारचा पहिला क्रमांक २०१०मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. यंत्रं केव्हाच आली आहेत, साहेब.

रेशन दुकानावर जाऊन पाहा. एक आजी पॉस मशीनवर अंगठा ठेवतात. उठत नाही. दुकानदार म्हणतो, “आजी, हात धुऊन या बरं.” धुतात, पदराला पुसतात, पुन्हा ठेवतात. मग दुसरा अंगठा, मग तर्जनी. मागची रांग चुळबुळते. जन्मभर खुरपणी आणि भांडी करून रेघा गेलेल्या त्या बोटाकडे बघत आजीच म्हणतात, “माझंच बोट झिजलंय रे भाऊ, तुझ्या मशीनचा काय दोष!” हे मी पाहिलं, आणि मला वाश्ती आठवली.

माझं मंडन एवढंच. किती अंगठे उठले नाहीत हे अहवाल सांगेल. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७मध्ये एकमताने सांगितलंच आहे. पण बिघाड यंत्राचा असताना माणूस तो स्वतःच्या अंगावर कसा घेतो, ते कथाच आतून दाखवू शकते. ती वाचलेला माणूस रांगेत उभा राहून निदान वहीत नोंद करून धान्य द्या म्हणेल. सगळेच म्हणतील असा माझा दावा नाही.

‘द मशीन स्टॉप्स’ एका संध्याकाळी वाचून होते. पुढचं व्याख्यान ठरण्याआधी आमच्या विद्वानांनी ती वाचावी, आणि मग वाद घालायला समोर यावं. प्रत्यक्ष.