छावणी उठल्यावर

शारजात राहणाऱ्या मंडळींनी किंग अब्दुल अझीझ रस्त्यावरून शेकडो वेळा गाडी नेली असेल. तो रस्ता एवढा सरळसोट का, हे मात्र फार जणांना ठाऊक नसते. ती एके काळची धावपट्टी आहे. १९३२ साली इम्पीरियल एअरवेजच्या विमानांसाठी तिथे विमानतळ झाला आणि पुढे ब्रिटिश हवाई दलाने तळ टाकला. १९७१ च्या डिसेंबरात ब्रिटिश गेले. १९७७ मध्ये नवा विमानतळ सुरू झाला आणि जुन्या धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना दुकाने व इमारती उभ्या राहिल्या. आता अल महट्टा संग्रहालय तेवढे जुन्या दिवसांची आठवण देते. आपल्या अबुधाबीतल्या अल बतीनची गोष्ट जरा उलटी आहे. १९८२ पर्यंत तो शहराचा प्रवासी विमानतळ होता, मग लष्करी तळ झाला आणि २००८ पासून तिथे खासगी विमाने उतरू लागली.

लष्कराने सोडलेल्या जागेचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र मला इथल्यापेक्षा तिकडच्या एका गावामुळे पडतो. ते गाव म्हणजे उल्हासनगर. आपल्या मंडळातल्या किती जणांची घरे कल्याण, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आहेत ते मोजून पाहा. निवृत्तीनंतरचा फ्लॅट म्हणून तिथे पैसे गुंतवलेलेही बरेच आहेत. म्हणून ही गोष्ट आपल्या घरचीच समजावी.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर ब्रिटिशांनी मोठी छावणी उभारली. सैन्य यायचे, थोडे दिवस थांबायचे आणि पुढे रवाना व्हायचे. सुमारे ६,००० सैनिक आणि इतर ३०,००० माणसे राहतील अशी ती आखली होती. २,१२६ बराकी होत्या. युद्ध संपले, छावणी ओस पडली, आणि लगेच फाळणी झाली. सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लाखभर निर्वासितांना ठेवायचे कुठे? सरकारसमोर या रिकाम्या बराकी होत्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाचे नामकरण झाले. उल्हास नदीवरून उल्हासनगर. पण लोकांच्या तोंडातून छावणी अजून गेलेली नाही. आजही रिक्षावाला विचारतो, "कुठला कॅम्प? तीन, चार की पाच?"

या माणसांनी जे करून दाखवले त्याला तोड नाही. बराकीच्या एका खोलीत पापड लाटण्यापासून सुरुवात झाली आणि फर्निचर, कपडे, जीन्स असे म्हणाल ते तिथे बनू लागले. "मेड इन यूएसए", म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी केला आहे.

पण जागेचा हिशेब कोणी केला नाही. छावणी मुळात तात्पुरती असते. तिचे रस्ते, पाणी आणि गटारे ठरावीक माणसांसाठी, ठरावीक काळासाठी आखलेली असतात. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाखांवर गेली होती आणि क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर. बराकी गेल्या आणि त्यांच्या जागी मजल्यांवर मजले चढले. बेकायदा इमारती एवढ्या झाल्या की त्या पाडायच्या सोडून नियमित करण्यासाठी राज्य सरकारला २००६ मध्ये खास कायदा करावा लागला. माणसे कायमची झाली, सांडपाण्याची सोय मात्र छावणीच्याच मापाची राहिली.

या सगळ्याचा भार वालधुनीवर पडला. अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावणारी ही छोटी नदी. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर हिच्याच काठावर आहे. पुढे ती उल्हासनगरातून वाहत कल्याणला खाडीकडे जाते. अंबरनाथच्या कारखान्यांचे पाणी, उल्हासनगरचे घरगुती सांडपाणी आणि जीन्स रंगवण्या-धुण्याच्या कारखान्यांचे निळे-काळे पाणी, सारे तिच्यात. नोव्हेंबर २०१४ मध्ये कोणीतरी रात्रीच्या वेळी तिच्यात रसायन ओतले आणि काठच्या वस्तीतले शेकडो लोक विषारी वायूने रुग्णालयात पोहोचले. 'वनशक्ती' या संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये परिसरातल्या नगरपालिका-महापालिका, औद्योगिक महामंडळ आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांना मिळून ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. पुढे जीन्स धुण्याचे कारखाने बंद केले गेले तेव्हा हजारो कामगारांची रोजी गेली. सत्तर वर्षांत न बांधलेल्या गटाराची किंमत शेवटी त्यांनी मोजली.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. आपल्या ऑफिसातले फिलिपिनो सहकारी क्लार्क तळाची गोष्ट सांगतील. १९९१ च्या जूनमध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला आणि त्याच वर्षी अमेरिकी हवाई दलाने क्लार्क सोडले. बेघर झालेल्या हजारो कुटुंबांना त्याच तळावर, जिथे पूर्वी लष्करी वाहने ठेवत, तिथे तात्पुरते वसवले. वर्षानुवर्षे ती तिथल्या विहिरींचे पाणी प्यायली. त्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसे. मुले आजारी पडू लागली तेव्हा जमिनीत काय मुरले आहे याची चर्चा सुरू झाली. तळ साफ करून देण्याची अट करारातच नव्हती.

उलट उदाहरणही आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडियोमधून १९९४ मध्ये अमेरिकी लष्कर गेले. तिथल्या क्रिसी फील्ड या जुन्या विमानतळाचे डांबर उखडले, दूषित माती उचलून नेली आणि बुजवलेल्या पाणथळीत भरतीचे पाणी पुन्हा आत घेतले. २००१ मध्ये ती जागा लोकांना खुली झाली. आता तिथे पक्षी येतात. त्यांच्याकडे पैसा होता हे खरेच. पण त्यांनी आधी जमीन आणि पाणी पाहिले, मग माणसे आणली, हा क्रम जास्त महत्त्वाचा. फाळणीच्या वर्षी आपल्याला हा क्रम पाळणे शक्य नव्हते. प्रश्न त्यानंतरच्या दशकांचा आहे.

आणि हा प्रश्न संपलेला नाही. कल्याणजवळच नेवाळीला त्याच युद्धातली धावपट्टी आहे. त्यासाठी शेतकऱ्यांच्या दीड हजार एकरांहून जास्त जमिनी घेतल्या गेल्या. जून २०१७ मध्ये नौदलाने तिथे कुंपण घालायला घेतल्यावर शेतकरी रस्त्यावर उतरले आणि हिंसाचारही झाला. जमीन कोणाची, हा वाद न्यायालयांनी आणि सरकारने सोडवावा. पण उद्या ती कोणाच्याही हाती गेली, तरी तिथे पडणारा पाऊस आणि तिथले सांडपाणी जाणार कुठे, हे आधी ठरले पाहिजे. २६ जुलै २००५ ला वालधुनी कल्याणच्या वस्त्यांत शिरली होती, हे तिथल्या लोकांना आठवते.

आपण इथे बसून काय करणार, असे कोणी विचारील. आपल्यापैकी बरेच जण त्या पट्ट्यातले ग्राहक आहोत. घर घेताना आपण स्विमिंग पूल विचारतो, स्टेशन किती मिनिटांवर ते विचारतो. त्यासोबत तीन प्रश्न विचारावेत. इमारतीचे सांडपाणी कुठे जाते? प्रक्रिया केंद्र असेल तर ते चालू आहे का, की केवळ नकाशात आहे? आणि भूखंड पूररेषेच्या आत आहे की बाहेर? निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. विक्रेत्याने हसून विषय बदलला, तर सही करू नये. पुढच्या सुटीत भाऊ किंवा मेहुणा तिकडे असेल, तर त्याला पावसाळ्यात, भर पावसात ती जागा बघायला पाठवावे. उन्हाळ्यात सगळे भूखंड कोरडेच असतात.