प्राध्यापकाची खुर्ची आणि चुकीची मोजपट्टी

अमेरिकेतल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात कोलोरेक्टल सर्जनची, म्हणजे मोठे आतडे, गुदाशय आणि गुदद्वार यांच्या शस्त्रक्रियांतल्या तज्ज्ञाची, असिस्टंट प्रोफेसरची जागा निघाली की बहुतेक अर्जदार कागदावर सारखेच दिसतात. पाच वर्षे जनरल सर्जरी, त्यावर एक वर्षाचे खास प्रशिक्षण आणि मग बोर्डाची परीक्षा. ही चाळणी साऱ्यांनीच पार केलेली असते. मग समितीची नजर दोन आकड्यांकडे वळते. शोधनिबंध आणि अनुदाने किती, हा एक. हा माणूस रुग्णालयाला किती काम आणून देईल, हा दुसरा. शिकवण्याची हातोटी मात्र शिफारसपत्रातल्या एखाद्या गोड वाक्यावर भागते. हा क्रम उलटा आहे.

निबंध मोजणाऱ्यांची बाजू आधी नीट ऐकून घ्यावी. ते म्हणतात, आतडे कापून जोडणारे सर्जन खासगी रुग्णालयांतही मिळतात. विद्यापीठाने नव्या ज्ञानाची कास धरायची. शिवाय निबंध मोजता येतात, हात मोजता येत नाहीत. मोजता येणाऱ्या गोष्टीवर निवड केली की वशिल्याचा आरोप तरी टळतो. यातले शेवटचे वाक्य खरे आहे, आणि म्हणूनच ही मोजपट्टी टिकून राहिली.

पण गुदाशयाच्या कर्करोगाचाच इतिहास या युक्तिवादाला आडवा येतो. गेल्या अर्धशतकात या शस्त्रक्रियेची दिशा बदलली ती बिल हील्ड या इंग्रज सर्जनने, आणि तीही कुठल्या विद्यापीठाच्या आसनावरून नव्हे, तर बेसिंगस्टोकच्या जिल्हा रुग्णालयातून. गुदाशयाभोवती चरबीचे एक वेष्टण असते, मेसोरेक्टम. गाठीच्या खालच्या बाजूलाही त्यात कर्करोगाच्या पेशी दडलेल्या असू शकतात. जुन्या पद्धतीत सर्जन ओटीपोटात हात घालून बोटांनी गुदाशय सोडवत. वेष्टण फाटे, तुकडे मागे राहत आणि गाठ त्याच जागी पुन्हा उगवे. हील्ड यांनी १९८२ साली मांडले की ते वेष्टण डोळ्यांनी पाहत, धारदार साधनाने, त्याच्या बाहेरच्या पदरातून अखंड सोडवले पाहिजे. टोटल मेसोरेक्टल एक्सिजन, थोडक्यात टीएमई, ती हीच.

एवढ्यावर ती एका कसबी माणसाची करामत ठरली असती. तसे झाले नाही, कारण हील्ड यांनी ती देशोदेशी फिरून, इतरांच्या शस्त्रक्रियागृहात उभे राहून शिकवली. स्टॉकहोम परिसरातल्या सर्जनसाठी नव्वदच्या दशकात कार्यशाळा झाल्या. त्याआधीच्या दोन मोठ्या चाचण्यांत गाठ त्याच जागी परतण्याचे प्रमाण १५ आणि १४ टक्के होते. प्रशिक्षणानंतर ते ६ टक्क्यांवर आले. गुदद्वारच काढून पोटावर कायमची पिशवी बसवण्याची वेळ पूर्वी निम्म्याहून अधिक रुग्णांवर येई. ती २७ टक्क्यांवर आली. हे निष्कर्ष २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. नॉर्वेने १९९३ पासून देशभर हेच शिकवले आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. तिथे टीएमई झालेल्यांत ६ टक्के आणि जुन्या पद्धतीच्यांत १२ टक्के असा फरक दिसला. या बदलामागे कुठले नवे औषध नव्हते. एकाने दुसऱ्याला शिकवले, एवढेच घडले होते. ज्या गुणाने इतके रुग्ण वाचतात, त्याला निवडीत तिसरा क्रमांक देणे समर्थनीय कसे?

दुसरा पक्ष रुग्णालयाच्या लेखापालाचा. मेडिकेअरने, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याने, १९९२ पासून डॉक्टरांच्या कामाला ‘आरव्हीयू’ या एककात भाव लावला आणि पुढे कित्येक संस्थांनी पगारही त्याच्याशी बांधला. या हिशेबात आतडे कापण्याला भाव आहे, रेसिडेंटच्या, म्हणजे शिकाऊ सर्जनच्या, हातून कापवून घेण्याला वेगळा भाव नाही. उलट शिकवत केलेल्या शस्त्रक्रियेला वेळ जास्त लागतो. तेव्हा खुर्चीवर बसवलेला माणूस स्वतः भराभर कामे उरकतो आणि शिकणारा जखम उघडी ठेवणारे रिट्रॅक्टर धरून उभा राहतो, यात त्या माणसाचा दोष थोडा. लेखापाल म्हणेल, पैसा आला नाही तर विभाग चालणार कसा? प्रश्न रास्त आहे, आणि शंभर वर्षे जुना आहे.

जॉन्स हॉपकिन्सने १९१३ साली रॉकफेलरांच्या जनरल एज्युकेशन बोर्डाकडून १५ लाख डॉलर घेऊन पूर्णवेळ, खासगी प्रॅक्टिस नसलेले प्राध्यापक नेमायचे ठरवले. तिथले मेडिसिनचे माजी प्राध्यापक विल्यम ऑस्लर यांनी आधीच विरोध कळवला होता. असे प्राध्यापक रुग्णांपासून दुरावतील ही त्यांची भीती होती. सर्जरीचे प्राध्यापक विल्यम हॅल्स्टेड यांनी व्यवस्था पत्करली, मेडिसिनमध्ये लुएलिस बार्कर यांनी नाकारली. त्यांच्या जागी आलेले थिओडोर जेनवे यांनीही १९१७ साली राजीनामा दिला, आणि त्यात पैशाचीही अडचण होती. मुंबईने नेमका उलटा मार्ग धरला. १९२६ साली सुरू झालेल्या केईएम रुग्णालयाची आणि जी. एस. मेडिकल कॉलेजची भिस्त अनेक दशके मानद डॉक्टरांवर होती: सकाळी वॉर्डात सेवा आणि अध्यापन, संध्याकाळी स्वतःचे कन्सल्टिंग रूम. पैशाचा प्रश्न दोन्हीकडे वेगवेगळ्या रीतीने सोडवला गेला. शिकवण्याचा वेळ मात्र कुणाच्याही पगारपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून आला नाही. आज ती ओळ घालणे हेच काम आहे.

तिसरा पक्ष अधिक चतुर आहे. तो म्हणतो, निबंध नको, पैसा नको, शस्त्रक्रियांची संख्या पाहा. हजार वेळा केलेला माणूस चुकत नाही. कॅनडातल्या एडमंटनचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे वाचण्यासारखा आहे. ५२ सर्जनांनी केलेल्या गुदाशयाच्या कर्करोगाच्या ६८३ रुग्णांच्या शस्त्रक्रिया तपासल्या, तर त्यांतल्या पाचच सर्जनांचे कोलोरेक्टल प्रशिक्षण झालेले होते. ज्यांचे झाले नव्हते त्यांच्या रुग्णांत गाठ परतण्याचा धोका सुमारे अडीच पट निघाला. अभ्यासाच्या काळात २१ पेक्षा कमी शस्त्रक्रिया करणाऱ्यांत तो १.८ पट होता. दोन्ही परिणाम एकमेकांपासून स्वतंत्र. म्हणजे संख्या हवीच, पण ती शिक्षणाची जागा घेत नाही.

मग समितीने पाहायचे काय? पहिली गोष्ट, हात. ते मोजता येत नाहीत हे विधान आता टिकत नाही. अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुरक्षित आहे का, हे तपासणाऱ्या चाचणीत (तिचे निष्कर्ष २००४ साली आले) सहभागी व्हायचे तर सर्जनला अशा किमान २० शस्त्रक्रियांचा अनुभव दाखवावा लागे आणि काटछाट न केलेले चित्रीकरणही पाठवावे लागे. पुढे मिशिगनमध्ये वजन घटवण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जनांची चित्रीकरणे नाव न सांगता सहव्यावसायिकांना दाखवली. सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटात गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, सर्वांत वरच्या गटात ५.२ टक्के. ‘उमेदवार आपले सर्वोत्तम चित्रीकरणच आणेल’ ही शंका इथेच गळते, कारण मिशिगनच्या सर्जनांनीही चित्रीकरण स्वतःच निवडले होते आणि तरी फरक उघड झाला.

दुसरी गोष्ट, स्वतःच्या निकालांची वही. आतड्याच्या जोडातून गळती किती रुग्णांत झाली, गाठ किती जणांत परतली, आणि रुग्ण किती अवघड होते. वय, टप्पा आणि इतर आजार यांचा हिशेब घातला नाही तर सोप्या रुग्णांवरच हात चालवणारा पुढे जाईल, हा आक्षेप योग्य आहे. म्हणून वही त्या हिशेबासकट मागवावी. संशोधनाला खरी जागा इथेच आहे. गुदद्वारातून वर जात टीएमई करण्याची नवी पद्धत नॉर्वेत १५७ रुग्णांवर वापरली गेली आणि नोंदवहीने धोक्याची घंटा वाजवली. अडीच वर्षांच्या आतच गाठ परतण्याचे अंदाजित प्रमाण ११.६ टक्के, इतर रुग्णांत २.४ टक्के. देशाने ती पद्धत थांबवली. नवे तंत्र आणतो म्हणणाऱ्या उमेदवारापेक्षा ते केव्हा थांबवायचे हे आकड्यांतून ओळखणारा विद्यापीठाला जास्त उपयोगी.

तिसरी गोष्ट, शिष्य. मुलाखतीला आलेल्याने घडवलेले रेसिडेंट आणि फेलो आज कुठे आहेत, तिथे एकट्याने काय करतात, हे त्यांनाच फोन करून विचारता येते. पहिल्याच नोकरीला आलेल्या तरुणाचे शिष्य नसतील. त्याला शस्त्रक्रियागृहात रेसिडेंटसोबत एक दिवस उभे करावे, आणि सुरी कोणाच्या हातात राहते ते पाहावे. निबंधांची यादी त्यानंतर उघडावी. भारतातही वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीला शोधनिबंधांची अट आहे, पण चित्रीकरणाची, निकालवहीची किंवा शिष्यांची नाही. ती दुरुस्ती अमेरिकेइतकीच इथेही करता येण्याजोगी आहे.

निवड झाली की नेमणूकपत्रात लिहावे: आठवड्यातले किती तास शिकवण्याचे, त्या तासांचा पगार आरव्हीयूतून न कापता विभागाने कोणत्या निधीतून द्यायचा, आणि तीन वर्षांनी बढतीच्या वेळी निकालवही कोण तपासणार.