अवेळी फुटलेल्या नवतीचे लाड नकोत

पौष लागला तरी अंगावर घोंगडे ओढावे अशी थंडी पडत नाही, ढग रात्रीचे आभाळ झाकून ठेवतात आणि दिवसाची ऊब जमिनीतून बाहेर जाऊ देत नाहीत, अशा वर्षी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-नेरकडील संत्र्याच्या बागांवर आंबिया बहाराच्या आधीच कोवळी, पोपटी नवती डोकावू लागते. आणि ती पाहून ज्याचे चित्त प्रसन्न होत नाही असा बागाईतदार विरळाच. त्या आनंदाच्या भरात तो पाण्याची एक पाळी देतो, बुंध्याशी युरिया टाकतो आणि दुकानदाराने सुचविलेले वाढीचे औषधही फवारतो. ही माया झाडाच्या मुळावर येणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संत्र्याचे झाड सदाहरित. पानगळीच्या वृक्षांप्रमाणे त्याला स्वभावतः निद्रा नाही. डिसेंबर-जानेवारीची थंडी आणि तोडलेले पाणी या दोहोंनी मिळून त्याला जो विसावा मिळतो, त्यालाच आपण ताण म्हणतो. त्या अवधीत फांद्यांत अन्नसंचय होतो आणि डोळ्यांतून पालवीऐवजी फूल निघण्याची सिद्धता होते. थंडी पडली नाही तर सारा भार पाणी तोडण्यावर येतो, आणि नेमके तेच आमच्या काळ्या, भारी जमिनीत कठीण. वरची ढेकळे भेगाळलेली दिसतात, पण वीतभर खाली हात घालून माती मुठीत दाबली की तिचा गोळा होतो. शेजारच्या गव्हाला दिलेल्या पाण्याचा पाझर बागेत उतरत असेल तर मग बोलावयासच नको. म्हणून हलक्या जमिनीत महिनाभरात बसणारा ताण येथे दोन महिने घेतो, आणि तेवढा धीर धरण्यापूर्वीच पाणी सोडले की झाड पाने देते, फूल देत नाही.

या अकाली नवतीला थंडीपेक्षाही मोठे शत्रू आहेत. जानेवारीत आभाळ अकस्मात निवळून उत्तरेचे वारे सुटले म्हणजे एखाद्या रात्री कोवळे शेंडे करपतात हे खरे. परंतु आपल्याकडे कडाका सहसा थोड्या दिवसांचा असतो आणि मोठी झाडे तो सोसतात. नवतीचे पान उलटून पाहावे: शेंड्याशी सायला किडीची चपटी, पिवळसर पिले रस शोषीत बसलेली असतात आणि त्यांच्या अंगातून मेणाचे पांढरे तंतू लोंबत असतात, शेजारच्या पानावर पोखरणाऱ्या अळीने काढलेली चंदेरी, नागमोडी रेघ दिसते. काळ्या माशीलाही पालवी अशी कोवळीच लागते, आणि तिच्या मागोमाग येणाऱ्या कोळशी या काळ्या बुरशीने विदर्भातल्या बागांची काय दशा केली, हे जुन्या बागाईतदारांना सांगावयास नको.

तेव्हा पालवी दिसली तरी पाणी देऊ नये. हलकी वखरणी करून जमीन सुकू द्यावी, पाणसोट काढावेत, नत्र पूर्ण बंद ठेवावे, किडीवर निंबोळी अर्क फवारावा, आणि भारी जमिनीत ताण बसतच नसेल तर कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाची तजवीज करावी. पाने फिकी पडून काही गळू लागली म्हणजेच ताण बसला असे समजावे. त्यानंतर आधी हलकी आंबवणी आणि मग भरपूर चिंबवणी. थंडीपासून बचावासाठी आच्छादनाची गरज आहे ती वर्षा-दोन वर्षांच्या कलमांना. त्यांच्याभोवती तुराट्यांचा कूड करून वर गवत टाकावे, आणि कडाक्याच्या रात्री बांधावर ओलसर काडीकचऱ्याचा धूर करावा.

शहरातील परसबागांनाही हाच न्याय लागू आहे. मोगऱ्याला हिवाळ्यात विश्रांती मिळाली तरच उन्हाळ्यात कळ्यांचा भर येतो. तेथे डिसेंबरातली फूट पाहून रोज घागर ओतणे म्हणजे फुलेही घालविणे आणि पाणीही. निळोणा आणि चापडोह ही धरणे कोरडी पडून 2018च्या उन्हाळ्यात यवतमाळकरांनी पाण्यासाठी जे हाल सोसले, ते ध्यानात असणाऱ्याने तरी ही घागर राखून ठेवावी.

सरकार दरबारी माझी मागणी एकच आहे. महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसविलेली आहेत, आणि त्यांच्या नोंदींवर फळपीक विम्याचे दावे ठरतात. डिसेंबर ते फेब्रुवारी या मुदतीत त्याच केंद्राचे आदल्या रात्रीचे किमान तापमान आणि पुढील तीन दिवसांचा अंदाज दररोज सकाळी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला जावा, आणि ताण केव्हा सोडावा याचा सल्ला जमिनीच्या प्रतीनुसार सहायक कृषी अधिकाऱ्याने त्याखालीच नोंदवावा. यास नवा खर्च लागत नाही, केवळ एक परिपत्रक आणि त्याचा चोख अंमल लागतो.