कोपरा फाडलेली पत्रे

परळ, लालबाग, नायगावच्या चाळींत एकेकाळी पोस्टमनच्या हाती कोपरा फाडलेले कार्ड दिसले की साऱ्या मजल्याचा श्वास अडखळत असे. मृत्यूची वार्ता आणणारे ते कार्ड दाराबाहेरच वाचायचे आणि लगोलग फाडून टाकायचे. असला कागद घरात ठेवणे अशुभ, अशी समजूत होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांतून देव्हारे गेले, श्राद्धे गेली, सुतकही गेले. ही समजूत मात्र कित्येक घरांत मागे राहिली. दुःखाचा कागद अशुभ का असावा, हा प्रश्न आपण स्वतःला अद्याप नीटसा विचारलेलाच नाही.

ऑगस्ट १९२६ मधील एका पत्राचा विचार करावा. जुलैमध्ये लाडका राजरत्न गेला होता. त्या काळी परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहणाऱ्या बाबासाहेबांनी कोल्हापूरचे सहकारी दत्तोबा पवार यांना लिहिले, की या आघातातून आपण आणि पत्नी सावरलो आहोत असा बहाणा करण्यात अर्थ नाही. तीन मुलगे आणि एक मुलगी, अशी चार अपत्ये मातीआड केल्याचे ते सांगतात. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा जेमतेम सात महिने उरले होते. सभेतील भाषण कोणीतरी टिपून घेतेच. एका बापाचे हे दुःख कोण टिपणार होते? ते आज आपल्याला वाचता येते, याचे कारण इतकेच, की ज्याला पत्र आले त्याने ते फाडले नाही.

नाशिकच्या भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाडांनीही बाबासाहेबांची पत्रे अशीच जपली. त्यांत चळवळीच्या मसलतींइतकीच पैशांची ओढाताण आणि प्रकृतीची काळजी आहे. पुढे शंकरराव खरातांनी बाबासाहेबांची पत्रे संपादित करून मराठीत आणली आणि शासनाच्या ग्रंथमालेतील एकविसाव्या खंडातही पत्रव्यवहाराला जागा मिळाली. विद्वानांचे आणि संपादकांचे काम पुढचे. आधीचे काम घरातल्या ट्रंकेचे असते.

ट्रंकेने साथ दिली नाही तर काय होते, हेही पाहावे. १९१७ च्या उन्हाळ्यात, पहिले महायुद्ध पेटलेले असताना, बाबासाहेब लंडनहून परतीच्या प्रवासाला निघाले. त्यांचे सामान आणि ग्रंथ वेगळ्या बोटीने येत होते आणि ती बोट टॉर्पेडोने बुडाली. बोट बुडाल्याची वार्ता आली तेव्हा परळच्या घरी काय अवस्था झाली असेल! खुलासा होईपर्यंतचा रमाईंचा तो घोर आज चरित्रग्रंथांतील दोन-चार ओळींपुरता उरला आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला तर त्या ओळीही आलेल्या नाहीत.

त्याच युद्धात फ्रान्सच्या आघाडीवरील हिंदी शिपायांची पत्रे ब्रिटिश सेन्सॉर उघडून वाचत असे आणि त्यांतील उतारे इंग्रजीत करून ठेवत असे. ते उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे गावोगाव गेली आणि बहुतेक नाहीशी झाली. सरकारने संशयापोटी जे राखले ते राहिले, घरच्यांनी मायेपोटी ठेवले ते चुलीत गेले. हा उलटा न्याय आम्हांला फार बोचतो. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यानंतर आपल्याही अनेक घरांत लष्करी टपालाचे शिक्के आले. ती पाकिटे कोणाकडे आहेत?

आपल्या पत्रांत आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती कोणत्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही. जुन्या कार्डांच्या माथ्यावर ‘श्री’ असे. एका वर्षी तो गेला आणि ‘सप्रेम जयभीम, वि. वि.’ आले. प्रत्येक कुटुंबात हे वर्ष वेगळे असणार. ते सांगेल फक्त कार्डावरचा टपालाचा शिक्का. निरक्षर मावशी सांगे आणि शेजारचा सातवीतला मुलगा लिही, त्या पत्रांत तर दोन माणसे एकदम भेटतात. वसतिगृहातून ‘पत्र लिहिण्यास कारण की’ अशी सुरुवात करून शेवटी हळूच पैसे मागणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगायला नको.

हे आजच लिहिण्याचे कारण आहे. नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाताना आपल्या माणसांना होणारा आनंद रास्तच आहे. पण सामान आवरताना पहिली रद्दीत जाते ती पलंगाखालची ट्रंक. माळ्यावरच्या पितळी भांड्यांचा मोह सुटत नाही, कागदांचा चटकन सुटतो.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट या पत्रांसाठी राखावे. मूळ पत्र देववत नसेल तर त्याची स्वच्छ प्रत द्यावी. पाकीट फेकू नये, कारण तारीख बहुधा त्यावरच असते. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. पत्रातला ‘बाळू’ कोण आणि ‘मोठी आई’ कोण, हे सांगणारी माणसे हयात आहेत तोवर वेगळ्या कागदावर लिहून घ्यावे. बाबासाहेबांच्या आणि रमाईंच्या नावाने मोबाइलवर पत्रे फिरतात. त्यांतील खरे कोणते आणि लेखकाच्या कल्पनेतले कोणते, हे ठरवायलाही मूळ कागद कोठे आहे हे विचारण्याची सवय मुलांना लागली पाहिजे. ती या कपाटापाशी लागेल.

घरातली भांडणे आणि कर्जे चव्हाट्यावर येतील, ही शंका काही पालकांनी बोलून दाखवली आहे. ती खोटी नाही. मेलेल्या माणसालाही अब्रू असते. अशी पत्रे मोहोरबंद पाकिटात द्यावीत, ते कधी उघडायचे ते वर्ष कुटुंबाने स्वतःच्या हाताने वर लिहावे आणि तोवर ग्रंथपालांनीही त्याला हात लावू नये.