विश्लेषण : घर पुण्यात, प्रदर्शन मुंबईत... चित्रकारांची कसरत का संपत नाही?

मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शनासाठी दालन मिळवायचे तर काही वर्षांची प्रतीक्षा करावी लागते. तारीख मिळते तेव्हा मात्र मुलांची परीक्षा, घरातील आजारपण किंवा बाळंतपण त्यासाठी थांबत नाही. पुण्यातील चित्रकारांना हा पेच नवा नाही. पण तो केवळ वेळेच्या नियोजनाचा आहे का?

आठवड्याचे गणित कसे?

१९५२ मध्ये सुरू झालेल्या ‘जहांगीर’मधील प्रदर्शने साधारण आठवडाभर चालतात. वेळ सकाळी ११ ते सायंकाळी ७. पुण्याहून सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली तर वेळेत पोहोचता येते. परतीची डेक्कन क्वीन मात्र सायंकाळी ५.१० वाजता सुटते. म्हणजे कार्यालये सुटून रसिक येऊ लागतात, त्याआधीच चित्रकाराला दालन सोडावे लागते. चित्र विकत घेऊ इच्छिणाऱ्यांना चित्रकाराशी बोलायचे असते. त्यामुळे मुक्काम करणे भाग पडते आणि मागे घर सांभाळणारे कोणीतरी लागते. पुण्यातील बालगंधर्व किंवा राजा रविवर्मा कलादालनात हा प्रश्न येत नाही. पण मोठ्या खासगी गॅलऱ्या आणि संग्राहक प्रामुख्याने मुंबई-दिल्लीत आहेत.

पैशांचा भाग कोणता?

दालनाचे भाडे, चौकटी, चित्रांची वाहतूक, निमंत्रणपत्रिका हा सारा खर्च आधी होतो. विक्री होईलच याची हमी नसते. म्हणूनच घरात एक निश्चित उत्पन्न लागते. पुण्यात १९४९ मध्ये जन्मलेले ज्येष्ठ चित्रकार सुधीर पटवर्धन हे याचे ठळक उदाहरण. येथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून (एएफएमसी) पदवी घेतलेल्या पटवर्धन यांनी १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. देशातील महत्त्वाचे चित्रकार म्हणून त्यांचे नाव याच काळात झाले. पूर्णवेळ चित्रकला मात्र त्यानंतर.

महिलांसाठी वाट अधिक कठीण का?

नोकरी आणि चित्रकला या दोन पाळ्या झाल्या. महिलांना घराची तिसरीही करावी लागते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. चित्रासाठी सलग तास लागतात. स्वयंपाक आणि शाळेची बस यांच्यामध्ये सापडलेली अर्धी-पाऊण तास त्याला पुरत नाही. तेवढ्यात रंगही नीट लागत नाहीत.

कायद्याचा आधार आहे का?

नोकरदार महिलांना २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची सवेतन प्रसूती रजा मिळते. ती देण्याची जबाबदारी मालकाची. स्वतंत्र काम करणाऱ्या चित्रकर्तीला मालकच नसतो, त्यामुळे तिला ही रजाही नाही. शिवाय दोन-तीन वर्षे प्रदर्शन झाले नाही, तर ते अर्ज करताना तिच्या परिचयपत्रात रिकामी जागा म्हणून दिसते.

मार्ग कोणता?

अमेरिकेतील कलावंत लेंका क्लेटन यांनी २०१२ मध्ये आई झाल्यावर घरालाच कलानिवास मानून काम सुरू केले. पुढे ही कल्पना त्यांनी इतर आयांसाठीही खुली केली. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. आपल्याकडेही काही बदल अवघड नाहीत : बाळंतपण वा आजारपणात मिळालेली तारीख रद्द न करता पुढे ढकलण्याची मुभा, अर्जात वयाची अट शिथिल करणे, शिष्यवृत्तीत पाळणाघराचा खर्च धरणे. घरच्यांनी त्या आठवड्यात स्वयंपाकघर सांभाळणे हाही त्यातलाच एक भाग. सध्या ही सारी तडजोड एकटे कुटुंब करते आणि ज्यांच्या घरी ती जमत नाही, त्यांची चित्रे भिंतीपर्यंत पोहोचतच नाहीत.