क्रूझ नको, बोट राइड म्हण

आमच्याकडे गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस विरळा. गंगाखेडचा माणूस "गंगेवर जाऊन येतो" म्हणतो. धालेगाव, मुदगल, दिग्रस इथल्या बंधाऱ्यांमुळे आता पाऊस सरल्यावरही पात्रात पाणी टिकतं. तिथे नावेतून सहल सुरू करावी, असं माझ्या भाच्याच्या मनात आहे. परळी-औंढ्याला तेलंगण, कर्नाटकातले यात्रेकरू येतात, म्हणून पत्रक इंग्रजीतही हवं. "मामा, रिव्हर क्रूझ लिहू का?"

मी नको म्हटलं. क्रूझ म्हणजे २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेल्या 'आंग्रिया'सारखं जहाज : मुक्कामाला खोल्या, जेवणखाण, रात्रभराचा प्रवास. दहा माणसांच्या नावेला हे नाव दिलं तर पाहुणा हिरमुसला होऊन परतेल. मग त्याने 'फेरी' सुचवलं. आपण नदीवर एक फेरी मारून येतो, म्हणून हा शब्द घरचाच वाटतो. पण इंग्रजीतली फेरी पैलतीरी नेऊन सोडते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाते तशी. सहलीला आलेल्याला तर निघाल्या काठावरच परत यायचं असतं. बोटिंग चालेल, पण त्यात बागेतल्या तळ्यातली पायडलबोट डोळ्यासमोर येते.

'बोट राइड' मला पटतो. बसा, पाणी बघा, परत या, एवढंच तो सांगतो. निवांतपणा दाखवायला आणखी विशेषण कशाला? किती वेळ आणि कुठून कुठपर्यंत ते लिहावं. मुदगलला मुद्गलेश्वराचं देऊळ पात्रातच उभं आहे. गंगाखेड तर जनाबाईचं गाव. घाटावर उभं राहून आपण नदी बघतो. नावेतून घाट बघायला मिळतो, पायऱ्यांवर वाळत घातलेल्या लुगड्यांसकट. हे पत्रकात यायलाच हवं.

आणि आणखी एक. १५ सप्टेंबर २०१९ रोजी याच गोदावरीत, आंध्रात कच्चुलुरूजवळ, पापिकोंडलूला निघालेली पर्यटकांची बोट बुडाली. नदीला पूर होता. पन्नासच्या आसपास माणसं गेली. म्हणून शब्द ठरल्यावर भाच्याला दोन ओळी लिहून दिल्या, मराठीत आणि इंग्रजीतही : लाइफ जॅकेट घातल्याशिवाय नाव सुटणार नाही. बंधाऱ्याची दारं उघडण्याचा इशारा असेल त्या दिवशी सहल बंद. नावापेक्षा या ओळींची अक्षरं मोठी ठेव, असं त्याला बजावलं आहे.